एका नावावर तीन गठ्ठे

इश्वरचा हिशोब असा होता. एका शेठकडून पंधराशेचा कपडा उधार उचलला, तर शंभरामागे वीस धरून तीनशे सुटतात. तिघांकडून उचलला तर साडेचार हजारांवर नऊशे. मेहनत तेवढीच, सायकल तीच, ओरडायचं तोंडही एकच. सत्याहत्तर साली नऊशे रुपये म्हणजे खुशाल मास्तरचा अडीच महिन्यांचा पगार, हेही इश्वरनंच काढून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या पगाराशी आपला नफा ताडून पाहायची त्याला हौस होती.

इश्वरचं घर शेतीवालं. पण शेती दोघे भाऊ करत, आणि जमीन अजून बापाच्या नावावर. इश्वर सायकलच्या मागं कपड्याचा गठ्ठा बांधून अड्याळपासून कोंढ्यापर्यंतची गावं फिरे. माल नगदीनं आणायचा, नगदीनं विकायचा, आणि संध्याकाळी भावजयांसमोर नोटा मोजायच्या. त्या वर्षी मात्र त्याच्या डोक्यात मंडई शिरली.

आमच्याकडे दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा लागतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, त्यामुळे महिनाभर माणूस आज या गावी पाहुणा तर उद्या त्या गावी. दुपारी दुकानं आणि दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. सासरच्या-माहेरच्यांना, ज्यांच्याशी देणंघेणं आहे त्यांना, सगळ्यांना आवतण जातं, आणि आवतण देऊन कोणी आलं नाही तर दोन वर्षं बोलणं बंद राहतं. मंडईला जायचं तर अंगावर नवा कपडा लागतोच. इश्वरचं म्हणणं, सायकलवरच्या गठ्ठ्यानं ही गर्दी पुरत नाही. मंडईमंडईला कनात ठोकून दुकान मांडायचं, तर माल हवा आणि माल हवा तर उधार हवी.

उधार एकाकडे मागावी की तिघांकडे, यावर पानठेल्यावर चार दिवस खल झाला. शेवटचं मत दादाजीचं पडलं. दादाजी एक वेळ सरपंच होता आणि त्यानंतरची पंधरा वर्षं माजी सरपंच होता. दुसऱ्यांच्या पैशाबाबत त्याची छाती फार मोठी.

"हे पाय इश्वर," तो म्हणाला, "एका शेठकडे गेलास आन् त्यानं नाही म्हनलं, त पुढच्या बाजारापर्यंत बाकीच्याईले मालूम होते. मंग तुले सुतळीबी उधार भेटत नाही. तिघाईकडे एकाच रोजी जा. नाही म्हनाची खबर पोचाच्या आंधी एखादा तरी होय म्हनून जाते."

"आन् तिघंबी होय म्हनले त?"

"मंग तुले रडाले काय झालं?"

इश्वरची बायको देवकाबाई यावर एवढंच म्हणाली की एका शेठचा माल खपला नाही तर एक शेठ दारात येईल, तीन शेठांचा नाही खपला तर किती येतील ते घरातल्यांना मोजू द्या. इश्वरनं सांगितलं की शेठ लोक दारात येत नसतात, त्यांना गादी सोडवत नाही. बायकांना नफ्याची बाजू दिसत नाही, असंही तो म्हणाला, पण ते बाहेर ओसरीवर आल्यावर.

अड्याळला हिरालाल शेठ, कोंढ्याला तुलाराम शेठ, पवनीला धनीराम शेठ. तिन्ही दुकानं एकाच सडकेवर, एकाच एस.टी.त तिकीट वाढवत गेलं की झालं. अडचण एकच होती. नवं खातं उघडायचं तर तिघेही नोकरीवाल्याची ओळख मागत. जमीनवाला चालत नसे, कारण जमीन शेठला गादीवर आणून ठेवता येत नाही; पगार मात्र दर महिन्याला आपल्या पायानं चालत येतो. आमच्या गावात असा पगार दोघांकडे होता. एक ग्रामसेवक, तो बाहेरगावचा, आणि कोणाच्या ओळखीला सही करण्याइतका तो कोणाला ओळखत नव्हता. दुसरा खुशाल मास्तर.

खुशाल म्हणजे डोमाचा मुलगा. डोमा इश्वरच्या बापाच्या धानाच्या बांध्यांत लावणीचा रोवणा करत जन्म घालवून गेला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला शाळेत बसवून आला. तो मुलगा आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. इश्वर आणि तो चौथीपर्यंत एका वर्गात होते. पुढं खुशाल शिकला आणि इश्वर मोठा झाला.

हिरालाल शेठकडे खुशालचं नाव चाले, पण ते त्याला कोणी दिलं नव्हतं. पहिली तीन वर्षं तो पगाराच्या दिवशी अड्याळला जाई, दुकानाच्या पायरीखाली उभा राहून कपडा पाही आणि रोख पैसे मोजून देई. चौथ्या वर्षी शेठ म्हणाला, वर या. पाचव्या वर्षी म्हणाला, बसा. सहाव्या वर्षी शेठनं आपणहून सांगितलं की गुर्जी, कधी घरात कार्य निघालं तर पैशाची काळजी करू नका, न्या आणि सावकाश द्या. एवढ्या एका वाक्यासाठी खुशालनं सहा वर्षं दिली होती, आणि ते त्यानं खर्च केलं नव्हतं. ते रुखमासाठी ठेवलं होतं. रुखमा त्याची धाकटी बहीण. तिचं करडी गावाला जमलं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात चौकीदार, कायम नोकरी, घरी आईच फक्त. वैशाखात लग्न. पोस्टात आठशे रुपये होते ते जेवणावळीला आणि भांड्यांना. कपडा सगळा हिरालाल शेठच्या खात्यावर घ्यायचा, असं ठरलं होतं.

इश्वर त्याला गावात 'खुशाल' म्हणे, सडकेला लागला की 'मास्तर', आणि काम असलं की 'खुशालभाऊ'. त्या दिवशी तो शाळेच्या आवारात येऊन 'खुशालभाऊ' म्हणाला, तेव्हाच खुशालला कळलं की हे पान-तंबाखूचं काम नव्हे.

मागणी ऐकून खुशाल बराच वेळ फळा पुसत राहिला. नाही म्हणावं तर इश्वरचा मोठा भाऊ शाळा समितीवर. होय म्हणावं तर वैशाख. शेवटी तो म्हणाला, "एका अटीवर. संक्रांतीच्या आत शेठचं खातं साफ झालं पायजे. वैशाखात ते नाव मले लागते. रुखमाच्या लग्नाचा कपडा त्याच नावावर घेनार हाय मी."

"तुही बहीन ते माही बहीन," इश्वर म्हणाला.

हे वाक्य आमच्या गावात फार वापरलं जातं, कारण त्याला काही लागत नाही.

खुशालची बायको निर्मलाबाई घरी म्हणाली की आपल्या घरातली एकच वस्तू गावाला हवीशी वाटली, ती द्यायला निघालात. खुशाल म्हणाला की वस्तू नव्हे, शब्द आहे, आणि परत येणार आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दोघे सकाळच्या गाडीनं अड्याळला उतरले. सडकेवर इश्वरनं 'मास्तर' म्हणून खुशालचं तिकीट काढलं आणि शेठच्या ओट्यावर 'गुर्जी' म्हणून त्याला पुढं केलं. खुशालनं एकच सांगितलं, की माणूस माझ्या ओळखीचा आहे, कमी-जास्त झालं तर मी आहे. शेठनं चहा मागवला. पंधराशेचं खातं उघडलं. मंडया आटोपल्या की पैसे.

मग इश्वरनं खुशालला परतीच्या गाडीत बसवून दिलं, आपल्याला मावशीकडे जायचं आहे असं सांगितलं, आणि पुढल्या गाडीनं आधी कोंढा, नंतर पवनी केली. दोन्हीकडे सांगितलं की खुशाल गुर्जी आपला जामीन आहे. खुशालचं नाव सडकेवर माहीत होतं. पगार झाला की रोख मोजणारा मास्तर शेठ लोकांत लवकर प्रसिद्ध होतो. तुलाराम शेठनं विचारलं, गुर्जी स्वतः का नाही आले. इश्वर म्हणाला, शाळेची तपासणी आहे. रविवारी कसली तपासणी, हे तुलाराम शेठला सुचलं नाही, कारण तो दुकान रविवारीही उघडं ठेवी. धनीराम शेठ मात्र खोलात गेला. गुर्जींची माझी प्रत्यक्ष गाठ घालून दे, म्हणाला. तेव्हा इश्वरनं दोघांनाही सारखंच उत्तर दिलं: "आमच्या मंडईले येजा ना शेठ. जेवाले. गुर्जीबी राहतीन, तिथंच भेट होते."

आवतण दिलं की मान राहतो, आणि शेठ काही येत नाही; तोवर पैसेही फिटलेले असतील, असा त्याचा अंदाज. हिरालाल शेठला तर त्यानं आधीच बोलावलं होतं, कारण खातं उघडणाऱ्याला मंडईला न बोलावणं शोभलं नसतं. तारीख खोटी सांगायची सोयच नव्हती. मंडईच्या दिवसाचं आणि नाटकाचं पत्रक प्रत्येक पानठेल्यावर चिकटलेलं असतं.

माल आला. एका खोलीत तीन गठ्ठे सोडले तेव्हा देवकाबाईनं पाहिलं की तिन्हींत तीच साडी आहे: निळी जमीन, पिवळी फुलं. तिन्ही शेठ नागपूरच्या इतवारीतून एकाच ठोकवाल्याकडून माल उचलत. त्या वर्षी त्याच्याकडे निळं-पिवळं फार साचलं होतं. ते आता आमच्या गावात साचलं.

पहिल्या दोन मंडयांत साड्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या मंडईत निम्म्या बायका निळ्या-पिवळ्या दिसायला लागल्या. एका गावात तर दोन जावा एकाच रंगात समोरासमोर आल्या, आणि धाकटीनं साडी परत आणून कनातीत टाकली. त्याच्याही वर अडचण ही, की मंडई येते तेव्हा लवकर पिकणारा हलका धान तेवढा निघालेला असतो, भारी धान बांधीतच उभा असतो. लोकांना कपडा हवा, हातात पैसा नाही. "चुरणा झाला की देतो," असा जो तो मळणीचा वायदा करे. एकच गठ्ठा असता तर इश्वर नगदीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला असता. तीन गठ्ठे घरात असले की माणसाला बसवत नाही. त्यानं तीन हजारांचा माल छत्तीसशेला घालवला, त्यातले हातात आले नऊशे. सत्तावीसशे लोकांच्या अंगावर गेले. दीड हजाराचं निळं-पिवळं खोलीतच राहिलं.

आमच्या गावची मंडई आली. नऊशेतले तीनशे रुपये इश्वरनं जेवणावर घातले, कारण दुकानदार झाल्यावर पंगत मोठी लागते. खुशालला आवतण होतं, पण संध्याकाळचं: "नाटकाले येजो, चहा घेऊ." इश्वरची आई सत्यभामाबाई स्वयंपाकाची मालकीण, आणि तिच्या पंगतीत कोण बसतं हे तिच्या सासूच्या वेळेपासून ठरलेलं. खुशालनं कधी विचारलंही नव्हतं. तो त्या दिवशी घरीच होता. निर्मलाबाईनं आणि रुखमानं वडे तळले होते.

दुपारी आधी हिरालाल शेठ आला. मुनिमाला घेऊन, मोटरसायकलवर. मग एस.टी.नं तुलाराम शेठ. दोन शेठ एकमेकांना ओळखत असतात, मंडईला येतही असतात, एवढ्यावर त्यानं निभावून नेलं. दोघांना पंगतीच्या दोन टोकांना बसवलं. पत्रावळी मांडल्या, भात वाढला, आणि दारात धनीराम शेठ चपला काढताना दिसला. जागा मधेच उरली होती.

हिरालाल शेठनं भातावर तूप घेतलं आणि इकडं-तिकडं पाहिलं. "इश्वर, गुर्जी दिसत नाहीत?"

इश्वर म्हणाला, येतीलच.

"येऊ द्या," धनीराम शेठ म्हणाला. "मले तर त्याईलेच भेटाचं हाय. त्यासाठी आलो मी."

"तुमचं काय काम त्यांच्याकडे?"

"जामीन हायत ना ते माहे. याच्या खात्यावर."

पलीकडच्या टोकाला तुलाराम शेठचा घास पत्रावळीवर परत गेला. "तुमचे?" तो म्हणाला. "ते त माहे जामीन हायत."

पंगतीत चाळीस माणसं होती. वाढणारे थांबले. हिरालाल शेठनं आपले पंधराशे सांगून विचारलं, तुमचे किती, धनीरामनं सांगितलं पंधराशे, तुलारामनं सांगितलं तेवढेच. साडेचार हजार ही रक्कम कोणी मोठ्यानं म्हटली नाही. चाळीस जणांनी आपापल्या मनात बेरीज केली, आणि चाळीसच्या चाळीस बेरजा बरोबर आल्या.

"गुर्जींना बोलवा," हिरालाल शेठ म्हणाला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून सत्यभामाबाई बोलली. तिला वाटलं, पाहुण्यांची समजूत घालावी. "तो आमच्या पंगतीत नाही बसत, बाप्पा. त्याले संध्याकाळी बलावलं हाय, आंगनात."

हिरालाल शेठ हात धुवायला उठला. "बाई," तो म्हणाला, "साडेचार हजाराचं नाव घरात घेतलं तुमी. मानूसच तेवढा आंगनात?"

गावात पुढं पुष्कळ दिवस हे बोलणं शेठच्या मोठेपणाचं म्हणून सांगितलं गेलं. पायरीखाली तीन वर्षं कोणी उभं केलं होतं, हे सांगणाऱ्यांना आठवत नसे.

तीन शेठ मंडईच्या गर्दीतून चालत खुशालच्या मोहल्ल्यात गेले. मागं इश्वर, त्याच्या मागं दादाजी, आणि दादाजीच्या मागं ज्याला ज्याला रस होता तो. दंडारवाल्यांनी थोडा वेळ ढोलकी थांबवली. त्या मोहल्ल्यात कपड्याचा शेठ याआधी कधी आला नव्हता. आले ते एकदम तीन.

खुशालनं "जयभीम" केला, खाटेवर चादर घातली. रुखमानं पाणी आणलं. हिरालाल शेठ प्यायला. दुसऱ्या दोघांनी सांगितलं की आत्ताच प्यालो. धनीराम शेठ बसलाच नाही. तो दारातूनच आपल्या सोबत्यांना म्हणाला, खुशालला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मी म्हनत होतोच. या लोकाईचं नाव खात्याले लावूच नये."

त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. नाव त्यानं आनंदानं लावलं होतं. पण बुडण्याची शंका आली की माणसाला आपण आधी काय म्हणायला हवं होतं ते आठवतं.

हिरालाल शेठनं सरळ विचारलं, "गुर्जी, तुम्ही एकाचे जामीन की तिघांचे?"

इश्वर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. 'एकाचा' म्हटलं की धनीराम आणि तुलाराम इश्वरच्या मानगुटीवर बसले असते, त्याच्या बापाची जमीन हलली असती, आणि ते योग्यच झालं असतं. पण सडकेवर गोष्ट अशी गेली नसती. इश्वर खोटं बोलला असं कोणी म्हटलं नसतं. मास्तर फिरला, असं म्हटलं असतं. आणि 'मास्तर' न म्हणता मोहल्ल्याचं नाव घेऊन म्हटलं असतं. पुढं त्या मोहल्ल्यातलं कोणी पवनीला खातं मागायला गेलं, तर हाच दाखला त्याच्या तोंडावर फेकला गेला असता. धनीराम शेठनं तो दारात उभ्या उभ्या तयार करून ठेवला होता.

खुशालनं रुखमाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उत्तर कदाचित दुसरं आलं असतं.

"तिघांचा," तो म्हणाला.

शेठ लोक निघून गेले. लोक मंडईत परतले. रात्री नाटक झालं, चांगलं रंगलं. निर्मलाबाई नवऱ्याशी त्या दिवशी भांडली नाही. तिनं फक्त विचारलं की रुखमाला तुम्ही सांगता की मी सांगू. रुखमा विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन दारातच बसली होती, म्हणाली, ऐकलं मी.

वसुली शेठ लोकांना समजते. उरलेलं निळं-पिवळं त्यांनी परत उचललं, दीड हजाराचा माल हजाराला धरून. इश्वरकडचे सहाशे घेतले. चुरणा झाल्यावर लोकांकडून नऊशे आले तेही घेतले. मग दोन हजार उरले, आणि तिथं इश्वरनं हात वर केले. जमीन बापाची, भाऊ वेगळे व्हायला टपलेले. "मी कोठं पळून जाऊन राहिलो?" तो म्हणे. पळून गेला नाही, हे खरंच. रोज दिसत असे.

संक्रांतीला खुशालनं पोस्टातले आठशे काढून दिले. राहिलेल्या बाराशेसाठी पगारातून शंभर-शंभर. करडीला जाऊन त्यानं मुलाच्या आईला सांगितलं की लग्न पुढल्या वैशाखात करू. म्हातारी चांगली होती, तिनं चहा दिला, हात धरून बोलली, आणि महिन्याभरात मुलाचं दुसरीकडं जमवलं. कायम नोकरीचा मुलगा वर्षभर कोण ठेवतं. रुखमा ते ऐकून विड्या वळतच राहिली. संध्याकाळी विडी कारखान्यात तिच्या बऱ्याच विड्या छाटल्या गेल्या, सैल वळल्या म्हणून.

शेवटचा हप्ता अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात गेला. खुशालनं कुठं एक दिवस उशीर केला नाही. पुढल्या उन्हाळ्यात रुखमासाठी लाखनीकडचं एक स्थळ आलं, तेव्हा तो अड्याळला गेला. हिरालाल शेठनं त्याला गादीवर आपल्या शेजारी बसवलं. असा मान शेठनं तालुक्यात फार थोड्यांना दिला असेल. खुशालनं कार्य निघाल्याचं सांगितलं आणि सातशेचा कपडा खात्यावर मागितला.

शेठनं समोरची खातेवही मिटली. "गुर्जी, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही," तो म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, राग धरू नका. तुम्हाला कोणाला नाही म्हणता येत नाही. उद्या आणखी कोणी तुमचं नाव घेऊन गेला, तर तुम्ही त्याचेही भराल. मग माझे कुठून द्याल?"

"मी भरले ना तुमचे सगळे."

"भरले. तेच म्हणतो."

तेवढ्यात आतल्या बाजूनं एक माणूस नवा गठ्ठा खांद्यावर घेऊन बाहेर आला. तो इश्वर होता. त्याचं खातं साफ झालं होतं, दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे जमा झाले होते, आणि एवढं नियमित खातं शेठच्या दुकानात दुसरं नव्हतं. यंदाची मर्यादा पंचवीसशे. जामीन लागला नाही. कोंढ्याला आणि पवनीलाही त्याचं काम झालं होतं. दादाजीचा सल्ला बरोबर निघाला, असं तो पानठेल्यावर सांगे.

इश्वर खुशालला पाहून थांबला. "गुर्जी," तो म्हणाला, कारण ते शेठच्या ओट्यावर होते, "कपडा लागत असन त माह्याकडून न्या. घरचाच मानूस हाय तुमी. फक्त कोनाचं तरी नाव लावून द्या. धंदा हाय ना."

खुशाल पायऱ्या उतरला.

रुखमाचं लग्न ऐंशी साली झालं, लाखनीकडच्या त्याच माणसाशी. तो बिजवर, पहिलीची दोन मुलं. त्याला कपड्याचा आग्रह नव्हता.

लोकांकडं राहिलेल्या उधारीचे अठराशे रुपये इश्वरनं पुढल्या दोन धानांवर वसूल करायला घेतले. तेराशे आले. ते त्याचेच होते. शेठांचे तर कधीच फिटले होते. मंडईच्या जेवणावर गेलेले तीनशे धरले, तर नऊशेचा अंदाज बांधलेल्या माणसाला सोळाशे सुटले.

साडेचार हजारांची भरणी मात्र अशी झाली. परत गेलेला कपडा, एक हजार. इश्वरच्या हातातली नगदी, सहाशे. गावोगावची वसुली, नऊशे. खुशाल मास्तर, दोन हजार. आणि रकमेत न बसणारं एक, रुखमाकडून: करडीचं घर.